काळ्या जमिनीतला अनंत : लागवड आणि निगा

अनंत हे बारमाही हिरवे राहणारे, गडद चकचकीत पानांचे आणि पांढऱ्या सुगंधी फुलांचे झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. ते रुबिएसी कुळातले, म्हणजे कॉफीच्या कुळातले असून मूळचे दक्षिण चीन, तैवान, जपान या भागांतले आहे. गार्डेनिया हे नाव जॉन एलिस यांनी 1761 मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून दिले. चीन-जपानमध्ये एकेरी फुलांच्या झाडाला धरणाऱ्या फळांपासून पिवळा रंग काढतात. महाराष्ट्रातल्या परसबागांत दिसतो तो बहुतेक दुहेरी पाकळ्यांचा अनंत. त्याला सहसा फळ धरत नाही, त्यामुळे त्याची अभिवृद्धी कलमांनीच होते.

घरच्या बागेसाठी बारमाही हिरवे, मोठ्या फुलांचे झुडूप शोधताना अलीकडे कॅमेलियाचेही नाव पुढे येते. कॅमेलिया चहाच्या कुळातली. तिला आम्लधर्मी भुसभुशीत माती, दमट हवा आणि थंड हिवाळा लागतो. दार्जिलिंग, शिलाँग, निलगिरी अशा डोंगराळ भागांत ती चांगली फुलते. चाळीस अंशांकडे झुकणाऱ्या मैदानी उन्हाळ्यात तिची पाने करपतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. अनंताची मातीची मागणी जवळजवळ कॅमेलियासारखीच आहे, पण तो उष्णता कितीतरी जास्त सोसतो. त्यामुळे कोल्हापूर परिसरात कॅमेलियाची हौस अनंतावर भागवणे शहाणपणाचे ठरते.

गडमुडशिंगीची जमीन आणि अनंताची अडचण

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव कोल्हापूर शहराच्या आग्नेयेला आहे. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. हिवाळ्याच्या रात्री पुरेशा थंड असतात आणि एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. हे हवामान अनंताला मानवते. अडचण आहे ती जमिनीची आणि पाण्याची.

अनंताला 5 ते 6.5 सामूची, म्हणजे किंचित आंबट माती लागते. इथल्या उसाखालच्या काळ्या जमिनीचा सामू साधारण 7.5 ते 8.5 असतो आणि पुष्कळदा तिच्यात चुनखडीचे खडे असतात. अशा जमिनीत लोह भरपूर असले तरी ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. परिणामी झाड खत घालूनही पिवळे पडते. काळ्या मातीचा दुसरा दोष निचऱ्याचा. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अनंताची मुळे बारीक आणि वरच्या थरातली असतात. पावसाळ्यात ती कुजतात, तर उन्हाळ्यात भेगांबरोबर तुटतात. अनंताच्या बहुतेक तक्रारी, मग त्या पिवळ्या पानांच्या असोत की कळीगळीच्या, इथूनच सुरू होतात. म्हणून रोप विकत आणण्याआधी त्याची जागा तयार करावी लागते.

जमिनीत चुना आहे की नाही हे घरीही पाहता येते. वाळलेल्या मातीचे ढेकूळ बशीत फोडून त्यावर व्हिनेगरचे चार-सहा थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले तर माती चुनखडीयुक्त आहे. अशा मातीत गंधक घालून सामू उतरवण्याचा खटाटोप वाया जातो, कारण गंधकापासून तयार होणारे आम्ल चुना खाऊन टाकतो. नेमका सामू आणि क्षार कळण्यासाठी मातीचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. 2015 पासून राबवल्या जाणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू आणि विद्युत वाहकता हे दोन्ही आकडे असतात; शेताची पत्रिका घरात असेल तर ती आधी काढून पाहावी. जमीन क्षारपड असेल तर अनंत कुंडीतच लावावा.

खड्डा नको, उंचवटा हवा

फळझाडांसाठी सांगितली जाणारी दोन बाय दोन फुटांच्या खड्ड्याची पद्धत इथे उलटते. काळ्या जमिनीत खड्डा घेऊन तो तांबड्या मातीने भरला की त्याचा हौद होतो. चहूबाजूंची चिकण माती पाणी झिरपू देत नाही आणि पावसाळ्यात सगळे पाणी त्या खड्ड्यात उतरून मुळांशी साचते. शिवाय भोवतालच्या मातीतला चुनाही हळूहळू आत येतो.

त्याऐवजी जमिनीच्या वर उंचवटा करावा. चार फूट व्यासाचे वर्तुळ आखून त्यातली जमीन वीतभर खोल कुदळीने नुसती सैल करावी. त्यावर दीड फुटाच्या आसपास उंचीचा, वर सपाट आणि बाजूंनी उतरता ढीग रचावा. त्यासाठी पंधरा-सोळा घमेली मिश्रण लागते. त्याचे प्रमाण असे : आठ घमेली तांबडी माती, तीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, तीन घमेली धुतलेले कोकोपीट आणि दोन घमेली भरड वाळू. कोकोपीट न धुता वापरल्यास त्यातले मीठ कोवळ्या मुळांना बाधते, म्हणून ते दोनतीन पाण्यांतून पिळून घ्यावे. मिश्रणात चुना नसेल तर पन्नास ग्रॅम गंधकाची भुकटी त्यात महिनाभर आधी मिसळून ओलसर ठेवावी. जमिनीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो.

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा या पश्चिमेकडच्या पट्ट्यातली जांभ्याची तांबडी माती या कामासाठी उत्तम. ती आम्लधर्मी असते आणि पाणी धरत नाही. ती रोपवाटिकेतून विकत घ्यावी, जंगलातून उचलून आणू नये. विकत घेतानाही व्हिनेगरची चाचणी करावी, कारण तांबडा रंग म्हणजे आंबट माती असे नसते.

उंचवट्याभोवती वीतभर रुंदीचा उथळ चर काढून त्याला एका बाजूने उतार द्यावा. जुलैच्या झडीत पाणी ढिगाच्या पायथ्याशी थांबत नसेल, तर जागा जमली असे समजावे.

कुठे लावावा

अनंताला सकाळचे चार-पाच तास ऊन हवे आणि दुपारी दीड-दोननंतर सावली हवी. घराची पूर्व बाजू त्यासाठी सर्वांत सोयीची. पश्चिमेच्या भिंतीलगत लावलेल्या झाडाला मेमध्ये उन्हाबरोबर तापलेल्या भिंतीचाही चटका बसतो. पूर्ण सावलीत पाने टवटवीत राहतात, पण फुले येत नाहीत.

भिंतीपासून किमान तीन फूट अंतर ठेवावे. नव्या गिलाव्यातून आणि सिमेंटच्या कट्ट्यातून पावसाबरोबर चुना उतरत राहतो. बांधकामाचा राडारोडा पडलेली जागा तर टाळावीच. दोन झाडांत चार ते पाच फूट अंतर पुरते. मोठे झाड पाच ते आठ फुटांपर्यंत वाढते. बुटकी, लहान पानांची जात कुंडीसाठी आणि वाफ्याच्या कडेसाठी बरी.

रोप निवडणे आणि लावणे

रोपवाटिकेत अनंत आणि दुहेरी तगर यांची गल्लत होते. पान तोडून पाहावे : तगरीला पांढरा चीक येतो, अनंताला येत नाही. रोप कळ्यांनी लगडलेले निवडण्याचा मोह टाळावा. जागा बदलली की त्यातल्या बऱ्याचशा कळ्या गळतात. दोन ते तीन फांद्यांचे, फूट-दीड फूट उंचीचे, शेंड्याची पाने एकसारखी हिरवी असलेले रोप घ्यावे. पिशवीच्या तळातून मुळांचे वेटोळे बाहेर आलेले किंवा पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके असलेले रोप घेऊ नये.

लागवड पहिला चांगला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की जूनच्या अखेरीस करावी. ती वेळ हुकली तर मुसळधार पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये करावी. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता रोप उंचवट्यावर बसवावे. पिशवीतल्या मातीची पातळी उंचवट्याच्या पातळीपेक्षा बोटभर वरच राहिली पाहिजे. खोड मातीत गाडले गेले तर ते बुंध्याशी कुजते. माती हाताने दाबावी, पायाने तुडवू नये. लगेच एक बादली पाणी द्यावे आणि वाऱ्याच्या बाजूने काठीचा आधार बांधावा.

कुंडीत लावायचे असल्यास आधी बारा इंची कुंडी घेऊन दोन वर्षांनी सोळा ते अठरा इंची कुंडीत बदल करावा. मिश्रण वर सांगितलेलेच, फक्त कोकोपीट थोडे वाढवावे. कुंडी सिमेंटची नसावी. माती, प्लास्टिक किंवा कापडी पिशवी चालते. तळाची भोके मोकळी राहतील अशा रीतीने कुंडी दोन विटांवर ठेवावी.

पाचटाचे आच्छादन

अनंताची मुळे वरवरची असल्याने मातीचा वरचा थर गार आणि ओलसर राहायला हवा. उसाच्या पट्ट्यात यासाठी पाचटासारखे स्वस्त साधन नाही. गळीत हंगामात उसाची तोड झाली की ते सहज मिळते. कोयत्याने हातभर तुकडे करून उंचवट्यावर तीन ते चार इंचांचा थर द्यावा. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी. पाचट मातीत मिसळू नये. मिसळलेले पाचट कुजताना जिवाणू मातीतले नत्र वापरतात आणि झाड उपाशी राहते. वर पसरलेले पाचट सावकाश कुजते आणि त्याचा त्रास होत नाही. थर पातळ झाला की वर्षातून दोनदा नवा द्यावा. वाळवी दिसली तर पाचट बाजूला करून माती दोन दिवस उघडी ठेवावी.

जाळलेल्या पाचटाची, चुलीची किंवा बंबाची राख अनंताला कधीही घालू नये. राख अल्कधर्मी असते. अंड्यांची टरफले, हाडांचा चुरा आणि चुना हेही याच कारणाने वर्ज्य. साखर कारखान्याच्या मळीत कॅल्शियमचे प्रमाण बरेच असते, म्हणून तीही या झाडापासून दूर ठेवलेली बरी.

पाणी

पाण्याचे प्रमाण ठरवण्यासाठी पाचट बाजूला सारून बोट दोन पेरे मातीत घालावे. वरची माती कोरडी आणि खाली ओल असेल तर पाणी द्यायची वेळ झाली. वाढलेल्या झाडाला मेमध्ये दर दोन-तीन दिवसांनी एक बादली पाणी लागते. कुंडीला रोज लागते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. कळ्या धरल्यानंतर मात्र पाण्याची पाळी चुकवू नये. माती एकदा सुकून पुन्हा चिंब झाली की कळ्या गळतात.

बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले बायकार्बोनेट उंचवट्यातल्या मातीचा सामू वर्षभरात वर चढवतात. बादलीत किंवा नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमत असेल तर पाणी जड आहे. पावसाचे पाणी पिंपात साठवून ते अनंतासाठी राखून ठेवणे सर्वांत चांगले. ते संपल्यावर 10 लिटर बोअरच्या पाण्यात 2 ग्रॅम लिंबूसत विरघळवून आठवड्यातून एकदा द्यावे. पाण्यात जास्त क्षार असतील तर या उपायाने ते जात नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

खत

वर्षातून तीन हप्ते पुरतात : फेब्रुवारीच्या अखेरीस, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. दर हप्त्याला वाढलेल्या झाडाला दोन ओंजळी गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड आणि 20 ते 25 ग्रॅम अमोनियम सल्फेट द्यावे. अमोनियम सल्फेट नत्र देते आणि मातीचा सामूही थोडा खाली आणते, म्हणून या झाडाला तेच योग्य. पालाशासाठी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. लहान रोपाला मात्रा निम्म्याहून कमी ठेवावी. खत खोडापासून हातभर दूर, ओल्या मातीवर टाकून वर पाणी द्यावे. नत्र जास्त झाले तर पाने गर्द होतात आणि कळ्या धरत नाहीत.

घरात उरलेला चहाचा चोथा वापरायचा असल्यास त्यातले दूध-साखर धुऊन काढावे आणि तो वाळवून कंपोस्टात टाकावा. थेट बुंध्याशी टाकलेला गोड चोथा मुंग्यांना बोलावतो आणि मुंग्यांपाठोपाठ पिठ्या ढेकूण येतो.

पिवळी पाने : आधी पाहावे, मग औषध

पाने पिवळी पडण्याची कारणे अनेक आहेत आणि ती पानावरूनच ओळखता येतात. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या स्पष्ट दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठाकडे हिरवा त्रिकोण राहिला असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. सगळेच झाड मलूल, पिवळे आणि माती ओली असेल तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी खत देणे म्हणजे नुकसान वाढवणे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आतल्या बाजूची चार-दोन जुनी पाने पिवळी होऊन गळणे हे नैसर्गिक आहे.

लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम आणि त्यात 1 ग्रॅम लिंबूसत असे द्रावण करून पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. चांगले हिराकस फिकट हिरव्या खड्यांचे असते. तांबूस, गंजल्यासारखे झालेले उपयोगाचे नसते. द्रावण ताजेच वापरावे, उन्हात फवारू नये आणि फरशीवर सांडू देऊ नये, डाग निघत नाही. मातीतून लोह द्यायचे तर चिलेट घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिले आहे का ते पाहावे. ईडीटीए प्रकारचे चिलेट अल्कधर्मी मातीत टिकत नाही. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर फवारावे. पिवळे झालेले जुने पान पुन्हा पूर्ण हिरवे होईलच असे नाही. उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या नव्या पालवीवरून ठरवावे.

कळीगळ

अनंताच्या कळ्या थंड रात्रींत धरतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुगू लागतात. मुख्य बहर साधारण मार्च-एप्रिलपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत चालतो. कळ्या गळण्याची कारणे ठरलेली आहेत : पाण्यातला अनियमितपणा, उष्ण कोरडा वारा, रात्रीही न उतरणारी उष्णता, नत्राचा अतिरेक, कुजलेली मुळे आणि कुंडीची जागा बदलणे. कळ्यांच्या दिवसांत कुंडी हलवू नये. पश्चिमेकडून हिरव्या जाळीचा आडोसा करावा आणि दुपार टळल्यावर झाडाभोवतीची जमीन शिंपडून हवा गार ठेवावी.

कीड आणि रोग

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी या रसशोषक किडी नेहमीच्या. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाने धुवावीत. मग लिटरमागे 5 मिलि निंबोळी तेल थोड्या साबणात घोटून संध्याकाळी फवारावे. पिठ्या ढेकणासाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयुक्त बुरशी 5 ग्रॅम प्रति लिटर दमट हवेत चांगले काम करते. निंबोळी तेल आणि ही बुरशी एकाच दिवशी फवारू नये.

एका रात्रीत फांदीची पाने फस्त झाली आणि खाली काळसर हिरव्या लेंड्या दिसल्या तर शेपटीवर शिंग असलेली जाड हिरवी अळी शोधावी. ती सेफोनोडीस हायलस या दिवसा उडणाऱ्या, पारदर्शक पंखांच्या पतंगाची. ती पानाच्या रंगात मिसळून जाते. हाताने वेचणे हाच पुरेसा उपाय आहे.

कोल्हापूरच्या उसाला छळणारी हुमणी अनंताची मुळेही खाते. तिची अंडी-अळ्या बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर येतात, म्हणून खत चाळून घ्यावे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे गोळा करून मारावेत. माती ओली असूनही झाड कोमेजत असेल तर बुंध्याजवळची माती उकरून पाहावी. हुमणीवर मेटारायझियम बुरशी ओल्या मातीत मिसळतात. मुळे तपकिरी आणि मऊ झाली असतील तर पाणी तोडून निचरा सुधारावा आणि ट्रायकोडर्मा 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून द्यावे.

छाटणी, कलमे आणि फुलांची तोडणी

पहिली दोन वर्षे शेंडे खुडून झाड फुटव्यांचे करावे. पुढे दरवर्षी बहर संपताच, जुलैअखेरपर्यंत, हलकी छाटणी करावी : वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि लांब गेलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी कराव्यात. कळ्या नव्या फांद्यांच्या टोकांवर येतात. ऑक्टोबरपासून पुढे कात्री लावली तर पुढच्या उन्हाळ्याची फुले कापली जातात.

छाटणीतल्या अर्धवट पक्व फांद्यांची कलमे करता येतात. चार ते सहा इंचांचा तुकडा डोळ्याच्या लगेच खाली कापावा, वरची दोन पाने अर्धी ठेवून बाकीची काढावीत, खालचे टोक आयबीए असलेल्या, मुळे फुटवणाऱ्या भुकटीत बुडवून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचावे. दमट सावलीत सहा ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. मोठ्या फांदीला पावसाळ्यात गुटी बांधली तर लवकर फुलणारे रोप मिळते.

फूल देठासह, सकाळी लवकर तोडावे. पाकळीला बोट लागले तरी तिथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून फूल देठालाच धरावे. उमललेले फूल दोन-तीन दिवसांत पांढऱ्याचे पिवळसर होते. सुकलेली फुले झाडावर ठेवू नयेत. ती काढल्याने बुरशी टळते.

वर्षाचे वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारीत नवे पाचट पसरावे आणि फेब्रुवारीअखेर पहिला खतहप्ता द्यावा. मार्च ते मे पाण्याची नियमितता, पश्चिमेचा आडोसा आणि रसशोषक किडींवर नजर ही तीन कामे. जूनमध्ये चर साफ करून दुसरा हप्ता द्यावा, नवी लागवड करावी. जुलैत छाटणी, कलमे आणि गुटी. ऑगस्टमध्ये मुळांशी पाणी साचत नाही ना, एवढेच पाहावे. सप्टेंबरमध्ये तिसरा हप्ता, धुपलेल्या उंचवट्यावर दोन-तीन घमेली मिश्रणाची भर आणि पाचटाचा दुसरा थर. ऑक्टोबर ते डिसेंबर कात्री बंद, पाणी बेताचे. नव्या पालवीत जाळीदार पिवळेपणा दिसला तर हिराकसाची फवारणी करावी. दर दोन वर्षांनी उंचवट्याच्या मातीचा सामू तपासावा आणि तो 7 च्या वर गेला असेल तर वरचा थर हलक्या हाताने बदलावा.